टसरचा पतंग नर की मादी? रंग सोडा, मिशा बघा

पावसाळा लागला की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात टांगलेल्या बीजकोषांच्या (अंड्यांसाठी राखलेल्या कोषांच्या) माळांतून टसर रेशमाचे पतंग बाहेर पडू लागतात. नवख्या माणसाची पहिली चूक पहिल्याच संध्याकाळी होते. विटकरी दिसला तो नर, पिवळी दिसली ती मादी, अशी तो सरळ वाटणी करून टाकतो. गंमत अशी की बहुतेक वेळा हे बरोबर निघतं. म्हणूनच सवय लागते, आणि मग एखाद्या राखी किंवा पिवळट नराला मादी समजून अंडी घालायच्या डबीत ठेवलं जातं. सकाळी डबी रिकामी आणि जिच्यासाठी तो नर हवा होता ती मादी बिनजोडीची.

टसर म्हणजे अँथेरिया मायलिटा. ड्रुरी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. विदर्भात त्याच्या कोषाला आणि रेशमाला सरसकट कोसा म्हणतात, करवतकाठी साडी याच धाग्याची. अळ्या ऐन (तिकडे येन) आणि अर्जुन या झाडांवर वाढतात. यातला जो भाग लोक घाईत उरकतात, नर-मादी ओळखणं, तो इथे तपशिलात घेतला आहे. पतंग, कोषातला प्युपा (अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था) आणि बंद कोष या तिन्ही टप्प्यांवर ते कसं ओळखायचं, किती भरवसा ठेवायचा आणि कुठे फसगत होते, एवढंच.

आधी हा टसरच आहे ना?

बीजागारात, म्हणजे जिथे बीजासाठी अंडी तयार करतात तिथे, हा प्रश्न येत नाही, पण दिव्यावर आलेला मोठा पतंग हातात असेल तर आधी हे तपासा. पसरलेल्या पंखांची रुंदी साधारण १५ ते १८ सेंमी. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध खवलेच नसलेली पारदर्शक चकती. पंख छापील कागदावर अलगद टेकवला तर त्या खिडकीतून खालची अक्षरं दिसतात. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला, खांद्यापासून टोकाकडे जाणारी राखाडी पट्टी नर-मादी दोघांतही असते आणि मानेवरच्या राखाडी पट्ट्याशी ती जुळते. बाहेरच्या कडेला समांतर एक गडद रेघ.

डोळ्यांच्या जागी तिकोनी खिडक्या आणि पंखाच्या टोकाला सापाच्या तोंडासारखा आकार असेल तर तो ॲटलास. फिका पोपटी रंग आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या असतील तर मून मॉथ. हे तिन्ही एकाच कुळातले, सॅटर्निडी. त्यामुळे मिशांबद्दल पुढे जे सांगितलं आहे ते त्या दोघांनाही लागू पडतं.

काय काय लागेल

१० पट मोठं दाखवणारं भिंग, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, सेंटिमीटरची पट्टी, मऊ कुंचला, मंद बॅटरी (काचेवर लाल जिलेटिन कागद लावला तर उत्तम) आणि तोंडाला फडकं किंवा मास्क. हा शेवटचा जिन्नस लोक विसरतात. शंभरभर पतंग एका खोलीत फडफडू लागले की पंखांचे खवले हवेत भरतात. शिंका, डोळे चुरचुरणं, काहींना दम लागणं, सगळं त्यातूनच.

मिशा: पहिली आणि शेवटची खूण

नराची मिशी म्हणजे पीस. मधला दांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी लांब, दाट, किंचित वाकलेले दाते. मधोमध सर्वांत रुंद, टोकाकडे निमुळती. दोन्ही मिशा पुढे पसरल्या की डोक्यापेक्षा रुंद दिसतात. मादीची मिशी अरुंद, जुन्या झिजलेल्या फणीसारखी.

घोळ होतो तो इथेच. मादीची मिशी दोऱ्यासारखी सोट नसते, तिलाही दाते असतात. "दाते दिसले म्हणजे नर" हा हिशेब फुलपाखरं पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात पक्का बसलेला असतो आणि भिंगातून पाहिल्यावर तर तो जास्तच चुकतो. दाते आहेत की नाहीत हे बघू नका, त्यांची लांबी दांड्याच्या मानाने किती हे बघा. सवय नसेल तर खात्रीचा एक नर आणि खात्रीची एक मादी शेजारी ठेवून पाच मिनिटं नुसतं पाहत बसा. नंतर भिंगाची गरजच पडत नाही, हातभर अंतरावरून ओळखता येतं.

ही खूण पक्की का, त्याचं कारण मिशीच्या कामात आहे. पतंगाला खायचं नसतं. त्याचं तोंड इतकं खुरटलेलं असतं की कोषातून निघाल्यापासून मरेपर्यंत, म्हणजे जेमतेम आठवडाभर, तो अळीपणी साठवलेल्या चरबीवर जगतो. नराचं एकच काम, अंधारात मादीचा गंध पकडून तिच्यापर्यंत पोचणं. दाते जितके लांब आणि दाट, तितकी गंध टिपायला जागा जास्त. मादीला हे करायचं नसतं, ती गंध सोडून एका जागी बसते. (असा गंध सर्वांत आधी ओळखला गेला तोही रेशमाच्याच पतंगात. तुतीच्या रेशीमकिड्याच्या मादीतला बॉम्बिकॉल, १९५९, जर्मनीतले रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट.) रंगाचं तसं नाही. रात्रीच्या या व्यवहारात तो फारसा उपयोगाचा नाही, त्यामुळे एकाच जातीत विटकरी, पिवळा, राखी असे प्रकार खपून जातात.

मिशा बघायची वेळही चुकवू नका. कोषातून नुकत्याच निघालेल्या पतंगाच्या मिशा ओल्या, चिकटलेल्या असतात, पंख सुरकुतलेले असतात. त्या घडीला नराची मिशीही अरुंद भासते. पंख पूर्ण पसरून वाळेपर्यंत, साधारण तासभर, हात लावू नका. घाईने उचललेल्या पतंगाचा पंख वाकडा राहतो तो कायमचाच.

पोट, पंखाचं टोक आणि बाकीच्या खुणा

मिशा तुटल्या असतील तर पोट बघा. मादीचं पोट जाड, लांबुळकं, शेवटी बोथट. अंड्यांनी इतकं ताणलेलं की वलयांमधली त्वचा फिकी दिसते. शेवटी दोन मऊ गाद्या असतात, अंडं चिकटवताना त्या कामी येतात. नराचं पोट बारीक आणि टोकाकडे निमुळतं. बोटांनी अगदी हलकं दाबलं की टोकाशी पकडीसारखे दोन कठीण भाग उघडतात. यात एकच फट आहे. दोन-तीन रात्री अंडी घालून झालेल्या मादीचं पोट चिमटं आणि लहान होतं. रिकामी झालेली मादी आणि नर यांत पोटावरून फरक करू जाल तर फसाल, तेव्हा टोकाच्या गाद्या की पकडी एवढंच पाहा.

नराच्या पुढच्या पंखाचं टोक कोयत्यासारखं बाहेर वळलेलं आणि त्याखाली कड आत गेलेली असते. मादीचं टोक तुलनेने गोलसर, पंख रुंद. शेजारी ठेवून पाहिलं तर हे सहज कळतं, एकटा पतंग असेल तर अंदाजच.

रंगाबद्दल एकदाच सांगून टाकतो. नर बहुधा विटकरी-तपकिरी. मादी पिवळी किंवा राखी, कधी गुलाबी झाक असलेली. पण नर पिवळटही निघतो आणि मादी तपकिरीही. रंगाला फार तर आधाराची खूण म्हणून जागा द्या, निकाल त्यावर नको. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तर राखी आणि पिवळा यांतला फरकही पुसला जातो.

पतंगांच्या पुस्तकांत एक झकास युक्ती दिलेली असते: मागच्या पंखाच्या मुळाशी पुढच्या पंखाला अडकवणारा राठ केस बघा, एक जाड केस असेल तर नर, दोन-तीन बारीक असतील तर मादी. कित्येक जातींत ती अचूक आहे. टसरमध्ये तिचा काही उपयोग नाही, कारण या कुळात तो केसच नसतो. भिंग लावून शोधत बसू नका.

वागण्यातूनही कळतं. संध्याकाळी बाहेर पडलेली मादी माळेला किंवा जाळीला धरून निश्चल लटकते, रात्र चढली की पोटाचं टोक बाहेर काढून गंध सोडते. नर अस्वस्थ असतो, आधी थरथरतो आणि मग उडतो. माळांच्या खोलीत रात्री सगळी फडफड ज्यांची चाललेली असते ते जवळपास सगळे नर.

बंद कोषातून अंदाज

टसरचा कोष अंड्यासारखा, कडक, वर देठ आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती अडकलेली कडी. एकाच जागच्या, एकाच पिकाच्या कोषांत मादीचे कोष मोठे आणि जड असतात. हा फरक रेशमाचा कमी आणि आतल्या प्युपाचा जास्त असतो, एकाच लॉटमध्ये साधारण दोन-तीन ग्रॅमचा.

करायचं असं: शंभर कोष एकेक तोला, वजनं उतरत्या क्रमाने लावा. वरचे तीस बहुधा मादी, खालचे तीस बहुधा नर, मधले चाळीस सांगता येत नाहीत. त्या मधल्या चाळिसांवर शिक्का मारायचा मोह आवरा. आणि एका लॉटची वजनं दुसऱ्या लॉटला लावू नका. झारखंडकडचा डाबा वाण आणि आपल्याकडचा भंडारा वाण यांच्या कोषांतच मोठा फरक आहे. भंडारा लहान. डाब्याच्या नराचा कोष भंडाऱ्याच्या मादीच्या कोषाएवढा भरला तर नवल नाही. ज्या झाडांना पाला कमी पडला तिथल्या माद्याही लहान कोष करतात.

कोषाचा रंग, राखी की पिवळा, यावरून लिंग कळतं असं ऐकायला मिळतं. त्यावर विसंबू नका.

वजन करतानाच कोष कानाशी नेऊन हलवा. जड, "ठप" असा आवाज आला तर प्युपा जिवंत. वाळल्या शेंगेसारखा खुळखुळला तर मेलेला, आणि मेलेल्या मादीचा हलका कोष नरांच्या ढिगात जाऊन बसतो. तोलण्याआधी हे वेगळे काढले नाहीत तर सगळी मांडणी बिघडते.

प्युपा: इथे खात्री मिळते

कोष कापून पाहायचं ते फक्त नमुन्यासाठी किंवा मोजक्या संकरासाठी, सगळ्या बीजकोषांवर नाही. कोष विणून झाल्यावर निदान आठ-दहा दिवस थांबा. त्याआधी प्युपाची कातडी मऊ असते, नखानेही फुटते आणि पिवळट रस येतो. तो प्युपा गेला म्हणून समजा.

देठाच्या खाली धारदार ब्लेडने टोपी कापा, पण एकदम आरपार नाही. पतंगाचं डोकं देठाकडेच असतं, तिकडूनच तो बाहेर येतो. म्हणून कोष फिरवत फिरवत वरचंच कवच चिरायचं, आत पातं घुसू द्यायचं नाही. टोपी उचलून कोष तळहातावर उलटा केला की प्युपा आपोआप घसरून बाहेर येतो. ओढू नका.

आता त्याची पोटाकडची बाजू वर करा, म्हणजे पंख आणि मिशांचे ठसे दिसतील ती. पहिली खूण तिथेच आहे. मिशांचे दोन ठसे रुंद, फुगीर, पानासारखे असतील तर नर. अरुंद आणि सपाट असतील तर मादी. बहुतेकदा एवढ्यावर काम होतं.

खात्रीसाठी शेपटीकडची वलयं मोजा, आणि मोजणी हमखास चुकते म्हणून ती अशी करा. प्युपाला बोटाने हलकं ढोसलं की तो पोट गरगर फिरवतो. जी वलयं हलतात त्यांच्यातला शेवटचा सांधा हेरा. त्याच्या लगेच मागे, जिथून पुढे सगळं एकसंध शंकूसारखं घट्ट आहे, ते सातवं वलय. मग आठवं, नववं आणि शेवटी दहावं.

मादीच्या आठव्या वलयावर मधोमध एक बारीक उभी रेघ असते. ती वलयाच्या सीमारेषेला कापून जाते, त्यामुळे तिथल्या रेषा मध्यभागी ओढल्यासारख्या दिसतात, काहींना तो फुलीचा आकार वाटतो. नराचं आठवं वलय कोरं. नवव्यावर मधोमध एक छोटा ठिपका, दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे.

दहाव्या वलयावर जी चीर दिसते ती गुदद्वाराची, ती दोघांतही असते. सगळ्यात ठळक तीच दिसते, आणि नवखा माणूस तिलाच मादीची रेघ समजून प्रत्येक प्युपा मादी ठरवतो. एका लॉटमध्ये सगळ्या माद्याच निघू लागल्या तर हीच चूक आहे असं धरा. नर-मादी साधारण निम्मे-निम्मे असतात.

पाहून झालं की प्युपा त्याच कोषात, डोकं वर करून, परत ठेवा आणि टोपी सैल बसवा. घट्ट चिकटवली तर पतंगाला बाहेर पडता येत नाही.

अळीतही लिंग ओळखता येतं. तुतीच्या रेशीमकिड्यात पाचव्या अवस्थेतल्या मादी अळीच्या आठव्या-नवव्या वलयाखाली ठिपक्यांच्या दोन जोड्या दिसतात, नरात एकच ठिपका. टसरची अळी झाडावर उघड्यावर वाढते. तिला उतरवून उलटी करून बघण्यात जेवढी हाताळणी होते तेवढा तोटा, म्हणून प्रत्यक्षात या वाटेला कोणी जात नाही.

ओळखून पुढे काय

खोलीत २६ ते ३० अंश तापमान आणि ७५ ते ८० टक्के आर्द्रता ठेवा. पतंग संध्याकाळपासून रात्री पहिल्या प्रहरापर्यंत निघतात, त्यात नर आधी. हंगामाच्या सुरुवातीलाही नरांचीच गर्दी असते, शेवटी माद्या जास्त आणि नर कमी. म्हणून पहिल्या दिवसांतले जादा नर सोडून देऊ नका. थंड, अंधाऱ्या जागी जाळीच्या पेटीत ठेवा, म्हणजे ते फडफडून शक्ती घालवत नाहीत. नर कमी पडले तर एकदा जोडी लागलेला धडधाकट नर दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येतो. पंख फाटून चिंध्या झालेला नको.

मार्च-एप्रिलच्या उन्हाने काही कोष अवेळी फुटतात. अशा वेळी एका रात्री चार नर आणि तीन रात्रींनी दोन माद्या, असा विस्कळीत प्रकार होतो. त्यांचं बीज होत नाही. कोष साठवायची जागा तापली हे त्यातून कळतं, तेवढंच.

जोड्या मध्यरात्रीनंतर लागतात. सकाळी त्या तशाच उचलून शांत, मंद उजेडाच्या जागी दुपारपर्यंत ठेवा. सोडवताना मादीचे पंख पाठीवर मिटून धरा आणि नराला हळूच एका बाजूला वळवा. सरळ ओढलं तर मादीच्या टोकाच्या गाद्या फाटतात आणि ती अंडी नीट घालू शकत नाही.

मग प्रत्येक मादी वेगळ्या डबीत किंवा मातीच्या वाटीत, तिचा क्रमांक घालून. तीन रात्रींत साधारण दीडशे ते दोनशे अंडी मिळतात, पहिल्या रात्री सर्वांत जास्त. अंडं जेमतेम ३ मिमीचं, तपकिरी, भोवती दोन गडद रेघा. जोडी न लागलेली मादीही अंडी घालते. "अंडी दिली म्हणजे जोडी लागली" असं धरू नका. ती अंडी काही दिवसांत खपाटीला जातात, मधोमध खळगा पडतो.

मादी मोकळी झाली की तिचं पोट ठेचून ०.६ टक्के पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घोळून सूक्ष्मदर्शकाखाली ६०० पट मोठं करून बघतात. पेब्रिन या रोगाचे चकचकीत लंबगोल बीजाणू दिसले की त्या मादीची सगळी अंडी नष्ट. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो, म्हणून तपासणी आईचीच. १८६०च्या दशकात पाश्चरने फ्रान्समध्ये घालून दिलेली ही रीत अजून तशीच चालू आहे. डब्यांचे क्रमांक इकडचे तिकडे झाले तर रोगट आईची अंडी निर्दोष म्हणून झाडावर जातात. त्यामुळे मादी आणि तिची अंडी यांचा क्रमांक एकाच वेळी, एकाच हाताने लिहा.

फोटो ठेवायचे असतील तर तीन पुरेत: पट्टी शेजारी ठेवून वरून एक, समोरून दोन्ही मिशांचा जवळचा एक, पोटाच्या टोकाचा खालून एक. नुसता वरून काढलेला देखणा फोटो लिंग ठरवायला अनेकदा निरुपयोगी ठरतो, कारण त्यात मिशा पंखांखाली दडलेल्या असतात.

क्वचित एखादा पतंग असा निघतो की डावी मिशी पिसासारखी आणि उजवी फणीसारखी, एका बाजूचा पंख विटकरी आणि दुसऱ्या बाजूचा पिवळा. त्यात तुमची ओळखण्यात चूक झालेली नसते. पतंगांत अर्धं शरीर नराचं आणि अर्धं मादीचं असं कधीकधी घडतं. त्याला बीजात घेऊ नका. दोन्ही मिशा एकाच फोटोत येतील असा फोटो घ्या, तारीख आणि लॉटचा क्रमांक लिहा आणि तो वेगळा ठेवा.